पंगतीतील रिकामी जागा
(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



शाळेतील मुलांना दुपारी जेवू घालणे म्हणजे सरकारने गरिबांवर केलेला उपकार, असा समज सुखवस्तू वर्गात रुजलेला आहे. धाराशिवसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात काम करणाऱ्यांनी तो प्रथम मनातून काढून टाकला पाहिजे.

15 ऑगस्ट 1995 रोजी ही योजना देशात सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्यांत मुलाला महिन्याकाठी तीन किलो कोरडे धान्य मिळे. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे, असा आदेश दिला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क ठरला. हा बदल केवळ आहाराचा नव्हता. धान्य घेऊन मूल आपापल्या घरी जाते. शिजलेल्या अन्नासाठी त्याला दुसऱ्याच्या शेजारी बसावे लागते. ज्यांच्या आज्यांनी एकमेकींच्या घरचे पाणी कधी घेतले नाही, ती मुले एकाच पातेल्यातील खिचडी खातात. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपूरच्या मंदिराचे दार उघडावे म्हणून प्राण पणाला लावले. ते दार उघडले. घराघरांतील चुलीजवळचे सोवळे मात्र उरले. त्याला धक्का देण्याचे सामर्थ्य या पंगतीत आहे.

परंतु पंगत मांडली म्हणजे समता आली, असे नव्हे. ज्याँ द्रेझ आणि अपराजिता गोयल यांनी 2003 साली तीन राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. भोजनामुळे पहिलीतील मुलींची संख्या वाढल्याचे तीत दिसले. तसाच दलित स्त्रीने स्वयंपाक करण्यास सवर्ण पालकांचा विरोधही दिसला. एप्रिल 2004 मध्ये न्यायालयाने स्वयंपाकासाठी दलित व आदिवासींना प्राधान्य देण्यास सांगितले, ते याच कारणाने. त्या बाईच्या श्रमाची किंमत केंद्राने 2009 साली महिना 1000 रुपये ठरविली, तीही वर्षातील दहाच महिने. तिला मानधन म्हणतात. वेतन म्हटले असते, तर कायद्याने किमान वेतन द्यावे लागले असते.

आणि पंगतीत नसते कोण? दिवाळीनंतर कळंब, भूम, वाशीकडील ऊसतोड टोळ्या कोयते घेऊन निघतात. त्यांची लेकरे बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून फडावर जातात. आईबाप ऊस तोडतात, थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते. तिच्या वाट्याची खिचडी गावच्या शाळेत, आणि ती परमुलखातील कोपीत! मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. पण ती वेळेवर उघडली तरच मुले मागे राहतील. टोळी निघून गेल्यावर उघडलेले वसतिगृह कोणाच्या कामाचे?

म्हणून कार्यकर्त्यांनी शाळेत जाताना केवळ तांदूळ मोजू नये. मुले सरमिसळ बसतात की जातवार, हे पाहावे. रांधणारी कोण आणि तिला पैसे कधी मिळाले, हे विचारावे. दसऱ्यापूर्वी स्थलांतर करणाऱ्या मुलांची यादी करून वसतिगृहाची मागणी ग्रामसभेत मांडावी. गावातील समतेची कसोटी भाषणाच्या व्यासपीठावर लागत नाही. ती रोज दुपारी शाळेच्या ओसरीत लागते.