पाचोळा जाळू नका, अंथरा

(साहाय्यक मंडळींच्या मेळाव्यात केलेले भाषण)





आपल्या प्रार्थना आणि देणग्या यांच्या बळावर जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर परसबागांचे काम चालले आहे. आज मी बियाण्यांविषयी बोलणार नाही, पाचोळ्याविषयी बोलणार आहे. विषय साधा वाटेल, पण चैत्र-वैशाखात मुलांच्या ताटात भाजी पडते की नुसतीच भाकर, हे पुष्कळ अंशी त्याच्यावर अवलंबून आहे.

या डोंगरी भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण तो सारा चार महिन्यांत कोसळतो आणि उतारावरून वाहून जातो. जाताना वरची चांगली मातीही नेतो. होळीच्या सुमारास विहिरी तळ गाठू लागतात आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात-उतरतात. 1992-93 साली वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, ती याच जव्हार तालुक्यात. म्हणून परसबागेतली चार वांगी आणि शेवग्याच्या शेंगा यांना आम्ही क्षुल्लक मानत नाही. प्रश्न एवढाच की, जिथे पिण्याच्या पाण्याचीच ओढ, तिथे वांग्याला पाणी कोण घालणार? भांडी घासलेले, हात धुतलेले पाणी काय ते मिळते. ते उघड्या मातीवर ओतले की संध्याकाळपर्यंत माती पुन्हा कोरडी. ऊन मातीतला ओलावा ओढून घेते, वर पापुद्रा धरतो, भेगा पडतात.

तीच माती पालापाचोळ्याने झाकली तर ऊन थेट लागत नाही, माती थंड राहते आणि ओल टिकते. तण उजेडाअभावी दबते. पावसाचा थेंब मातीवर आपटत नाही, म्हणून ती वाहूनही जात नाही. खालचा थर हळूहळू कुजतो, गांडुळे येतात आणि माती भुसभुशीत होते. याला शेतीच्या पुस्तकांत आच्छादन म्हणतात. जंगलातली जमीन पाहा. तिथे कोणी झाडू मारत नाही, म्हणूनच ती काळी आणि ओलसर राहते.

आता कोणी म्हणेल, आदिवासी तर पाला जाळतात. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, हे खरे. त्याला कारण आहे: भाजल्याने तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते, रोपे जोमाने येतात. पिढ्यांच्या त्या अनुभवाला आपण नावे ठेवू नयेत. मात्र परसबागेची गोष्ट निराळी आहे. तिथे उन्हाळाभर ओल टिकवायची आहे, आणि राखेने ओल टिकत नाही.

करायचे कसे? आधी वाफ्याला भरपूर पाणी द्यावे, मग पाला अंथरावा. कोरड्या मातीवर अंथरण्यात अर्थ नाही. बी पेरले असेल तर रोप वीतभर होईपर्यंत थांबावे. थर दोन-तीन इंचांचा असावा. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर खोड कुजते. सागाची पाने मोठी, त्यांवरून पाणी घसरून जाते. म्हणून ती चुरून घालावीत. निंदलेले तण चालते, पण बी धरण्याआधीचे. भाताचे तूस वरच पसरावे. मातीत मिसळले तर ते कुजवणारे जीवाणू नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते.

भाताचा पेंढा वापरा, असे आम्ही सांगत नाही. तो गुरांच्या तोंडचा घास आहे. गुरे खात नाहीत तोच पाला घ्यावा. सुक्या पाल्याला उधई लागते, तेव्हा घराच्या कारवीच्या कुडापासून आच्छादन हातभर लांब ठेवावे. दाट थरात विंचू-काटा दडतो. हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे. पावसाळ्यात थर पातळ करावा, नाहीतर गोगलगायी होतात आणि कोवळी रोपे सडतात.

काही हितचिंतकांनी प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर देऊ केला. त्यांच्या प्रेमाबद्दल आम्ही ऋणी आहोत. मोठ्या बागायतीत तो उपयोगी पडत असेल, पण चार वाफ्यांच्या परसबागेत त्याच्या चिंध्या होऊन मातीत राहतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोणाच्या तरी देणगीची वाट पाहावी लागते. पाला अंगणाबाहेरच पडलेला आहे. त्यासाठी पाड्यावरच्या मायबहिणींना कोणापुढे हात पसरावा लागत नाही. मदत अशी असावी की तिच्यामुळे घेणाऱ्याची मान वर राहील.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. धनी म्हणतो, तोडून टाक. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, आणि त्या वर्षात काय करायचे म्हणतो? मुळाभोवतीची जमीन खणून खत घालायचे. फळाची अपेक्षा धरण्याआधी त्याने मातीची काळजी घेतली. आपली सेवाही त्या माळ्याच्या रीतीने व्हावी. एका वर्षात अहवालात दाखवण्याजोगे फळ दिसले नाही, तरी आपण धीर सोडू नये.

आपणांकडे एकच विनंती. आपल्या मंदिराच्या आवारात दर आठवड्याला पाचोळ्याचा ढीग पेटतो. पुढच्या आठवड्यापासून तो झाडांच्या आळ्यांत घाला. झावळ्यांच्या रविवारी उरलेल्या झावळ्याही तुकडे करून तिथेच अंथरा. तो सण ऐन उन्हाच्या तोंडावर येतो. हाताने एकदा केलेत म्हणजे पाड्यावरच्या कामासाठी काय मागावे, हे तुमच्या प्रार्थनेला अधिक नेमके कळेल.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वादित करो.