कसोटीचा दगड कोणाचा?

सोन्याचांदीची शुद्धता पारखण्याचे चार उपाय भारतीय परंपरेत रूढ आहेत: घासणे, कापणे, तापवणे आणि ठोकणे. ‘तावून सुलाखून’ या मराठी शब्दप्रयोगात त्यांपैकी दोन टिकून आहेत. ताव म्हणजे आच. सुलाखणे म्हणजे टोचून आतला धातू पाहणे. ‘हिणकस’, ‘बावनकशी’, ‘निकष’ हे शब्द घासण्याच्या काळ्या दगडाशी, कसोटीशी जोडलेले आहेत.

झरी जामणीच्या या सराफ संमेलनात अध्यक्षपद देणाऱ्या व्यवसायबंधूंचे मनःपूर्वक आभार. धातुपरीक्षेचा सर्व इतिहास येथे मांडायचा होता. पण कित्येक वर्षे ऐकून घेतलेल्या एका आक्षेपाचा निकाल आधी लावणे भाग आहे. कसोटी म्हणजे नजरेचा अंदाज, ते शास्त्र नव्हे, असे आता सराफांच्या घरातली मुलेही म्हणतात.

कौटिलीय अर्थशास्त्रात याचे उत्तर आहे. सोळा माषांच्या सुवर्णात दर पायरीला एक काकणी, म्हणजे पाव माषा सोने कमी करून तेवढे तांबे घालायचे आणि असे चार माषांपर्यंत जायचे. त्यातून सोळा नमुने तयार होतात. एक पायरी ६४व्या हिश्श्याची. आजचा कॅरेट २४वा हिस्सा आहे. आजच्या कॅरेटपेक्षा बारीक मोजणाऱ्याला अंदाजपंचे म्हणणे अन्यायाचे आहे.

परीक्षा साधी दिसते. दगडावर दागिन्याची रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळीची रेघ ओढायची आणि उजेडात दोन्ही रंग ताडून पाहायचे. तेजाब पुढच्या काळात आले. हलक्या सोन्याची रेघ त्यात विरते. काम झाले की मेणाच्या गोळीने दगडावरचे सोने टिपून घेतात.

त्याच ग्रंथात कलिंगातला किंवा तापीकाठचा, मुगाच्या रंगाचा दगड उत्तम मानला आहे. तापी खानदेशातून वाहते, तरी आपल्या मुलांना हे कोणी शिकवत नाही. त्यांना आर्किमिडीजचा मुकुट मात्र पाठ असतो. घनतेची परीक्षा मोलाची आहेच; पण सोन्याची घनता १९.३ आणि टंगस्टनचीही जवळपास तेवढीच, म्हणून तीही फसते.

अर्थशास्त्राने दगडावरही विश्वास ठेवलेला नाही. हत्तीच्या कातडीच्या रंगाचा, हिरवट झाकेचा दगड रंग वाढवून दाखवतो, म्हणून तो विकणाऱ्याच्या सोयीचा. कठीण, खरखरीत दगड घेणाऱ्याच्या सोयीचा. नखात दडवलेली गेरूची पूड रेघेवर सोडणे ही लबाडीही तेथे नोंदलेली आहे. सगळा प्रश्न येथेच आहे: पारख कोणाच्या दगडावर आणि कोणाच्या डोळ्यांदेखत?

इथल्या पैनगंगेच्या दोन्ही काठांनी हा प्रश्न रोजच्या व्यवहारात अनुभवला. अलीकडे इंग्रजी कलदार रुपया, पलीकडे निजामाचा हाली सिक्का. कलदारात ११.६६ ग्रॅम वजनाला ९१.७ टक्के चांदी, हालीत ११.१८ ग्रॅमला ८१.८ टक्के. सहा कलदारांना सात हाली हा भाव चांदीच्या हिशेबाशी जुळतो. मराठेशाहीत नाण्यांची पारख पोतदाराकडे असे, आणि गावोगाव ते काम सोनार करीत.

कसोटी की यंत्र, हा वाद एका प्रसंगाने मिटावा. प्रस्तुत वक्त्याच्या पेढीवर एका कोलाम म्हातारीने चांदीचे गोठ आणले. दुसरीकडे यंत्राने ते चोख ठरवले होते. क्ष-किरणांचे यंत्र वरचा पातळ थरच वाचते. वक्त्याने वरून रेघ ओढली, ती पांढरी. मग गोठाच्या आतल्या बाजूला कानस चालवून दुसरी रेघ ओढली, ती तांबडी. म्हातारीने दोन्ही रेघा स्वतः पाहिल्या, गोठ पदरात बांधले आणि काही न बोलता पायऱ्या उतरली. तिला समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

१६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली, हे चांगलेच झाले. पण ती परीक्षा ग्राहकाच्या नजरेआड होते. जुन्या सळ्या, दगड आणि जाणत्या कारागिरांचे शब्द जमवून नोंदवण्याचे काम संमेलनाने हाती घ्यावे. तपशील मंडळींनी बसून ठरवावा. तोवर प्रत्येक पेढीने एवढे करावे: कसोटी आणि कानस आतल्या खोलीतून काढून गिऱ्हाइकासमोरच्या गादीवर ठेवावी.