जुनें यंत्र घरीं आणतांना
(नारायणगाव येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आपल्या भागांतले कांहीं सुतार-लोहारांचे तरुण विचारतात कीं, भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांनीं काढून टाकलेला जुना लेथ घरच्या पडवींत बसवावा कां? माझें उत्तर असें कीं, अवश्य बसवावा, पण पुरता विचार करून. ऐन टोमॅटोच्या हंगामांत फवारणीच्या पंपाचा दांडा तुटला, तर कुणब्याला पुण्याकडे धांवावें लागतें. इकडे फवारणी खोळंबते आणि झाडावर कीड चढते. तोच दांडा गांवांत कातून मिळाला, तर कुणब्याचें पीक वांचेल व लोहाराच्या पोराला पोटासाठीं गांव सोडावें लागणार नाहीं.

पण यंत्र घरांत आलें म्हणजे आपण धनी झालों, असें कोणीं समजूं नये. इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग बसविला. पुढें भिवंडी, मालेगांव येथेंहि घरोघर माग खडखडूं लागले. त्यांतले पुष्कळ माग गिरण्यांनीं मोडींत काढलेले होते. विणकराच्या घरीं यंत्र आलें खरें. पण अनेकांच्या बाबतींत सूत व्यापाऱ्याचें, कापडहि व्यापाऱ्याचें, आणि घरवाल्याच्या वाट्यास नुसती मजुरी, विजेचें बिल व कर्जाचा हप्ता!

आतां दुसरें उदाहरण पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढें त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर केला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगरानें जमीन बिघडेल, असें म्हणून लोक आरंभीं तो घेईनात. तरी शेतकऱ्याची खरी गरज त्यांनीं ओळखली होती, म्हणून धंदा टिकला. तेव्हां लेथ घेण्याआधीं तीन महिने एक वही ठेवा. गांवांतून कोणतें काम बाहेर जातें, किती वेळां जातें व त्याला काय पडतें, तें लिहा. त्या कामांतून हप्ता निघत नसेल, तर सावकाराच्या पैशानें यंत्र घेऊं नका.

आतां यंत्र पाहावें कसें? नव्या रंगाला भुलूं नका. लेथ बहुधा चकाजवळ झिजतो, कारण सगळें काम तेथेंच होतें. सरकता घोडा चकाजवळ नीट बसेल असा आवळा आणि मग दुसऱ्या टोकाकडे न्या. तेथें तो अडकला, तर बेड झिजला आहे असें समजा. चकांत जाड गज धरून वरखालीं दाबा. स्पिंडल हलत असेल, तर बेअरिंगचा खर्च किंमतींतून वजा करा. आंटे पाडण्याचीं चक्रें मोजून घ्या व त्यांचे दांते पाहा. यंत्र चालवून दाखविल्याशिवाय विसार देऊं नका. त्या दिवसाचा मोडीचा भाव अगोदर ठाऊक असूं द्या, म्हणजे घासाघीस करतांना पायाखालीं जमीन राहील.

आणतांना ध्यानांत ठेवा कीं, लेथचें वजन चकाच्या बाजूस असतें. मधोमध दोर बांधून उचलला तर तो कलंडतो. लोखंडी पाइपांवरून हळूहळू लोटीत न्यावा. खालीं शेणामातीची जमीन चालणार नाहीं, काँक्रीटच पाहिजे. पायाखालीं लाकडाच्या ढलप्या न घालतां लोखंडाच्या पट्ट्या घाला आणि लेव्हल लांबींत व रुंदींत, दोन्हींकडे पाहा. मग परीक्षा घ्या. दीड इंची गज चकांत धरून, टेलस्टॉकचा आधार न देतां, चकाजवळ एक व तेथून सहा इंचांवर एक, असे दोन पट्टे एकाच बारीक काटानें काता आणि मायक्रोमीटरनें मोजा. दोन्हीं सारखे भरले, तर बैठक बरोबर. फरक आला, तर टेलस्टॉकखालच्या पायाची पट्टी थोडी थोडी बदलून पुन्हां पाहा.

गतीचेंहि गणित आहे. ४० मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादाला हायस्पीड हत्यारानें मिनिटास सुमारें २४० फेरे पुरतात. जाडी दुप्पट झाली तर फेरे निम्मे करावे. विजेची जोडणी धंद्याचीच घ्या व यंत्राला अर्थिंग करा. शेतीपंपाच्या जोडणीवर लेथ चालविणें कायद्याला मंजूर नाहीं.

उपरणें, सैल बाही किंवा हातमोजे घालून फिरत्या चकाजवळ जाऊं नका. आयाबहिणींनो, तुम्हीहि काम शिका. पण पदर खोंचून व केस बांधून उभ्या राहा. पट्ट्यावर जाळी बसवा. चकाची चावी चकांत विसरूं नका, यंत्र सुरू होतांच ती गोळीसारखी सुटते. पोरांना जवळ येऊं देऊं नका. आपल्या हाताचीं बोटें हेंच कारागिराचें भांडवल आहे.

एकट्याला जड जात असेल, तर तिघांचौघांनीं मिळून एक लेथ घ्या. हिशेबाची वही सर्वांपुढें उघडी ठेवा आणि दर महिन्याला कांहीं रक्कम दुरुस्तीसाठीं बाजूला काढा. गिऱ्हाईक मात्र थेट आपलेंच ठेवा. मधला दलाल शिरला, कीं इचलकरंजीची गत आपल्या पडवींत होईल. ज्यांना यंत्र पाहावयास जावयाचें आहे, त्यांनीं जाणता मिस्त्री बरोबर न्यावा.