मेंदूच्या दाराशी नॅनोकण

आज थोडं विज्ञान, पण थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येणारं.

व्हॉट्सॲपवर हल्ली ‘नॅनो’चा सुकाळ आहे. नॅनो औषध, नॅनो सुवर्ण, नॅनो सनस्क्रीन. कुणी म्हणतं चमत्कार, कुणी म्हणतं विष. घरात आईबाबांना अल्झायमर असेल, कुणाच्या मेंदूत गाठ निघाली असेल, तर असा मेसेज नुसता पुढे ढकलून मोकळं होता येत नाही. म्हणून नीट समजून घेऊ.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला एक केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. नॅनोकण असतात १ ते १०० नॅनोमीटरचे.

आता मेंदूकडे येऊ. १८८५ साली जर्मनीत पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. बाकीचे अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून सहसा काही झिरपत नाही. हा पहारा जंतूंना आणि विषांना अडवतो, पण बहुतेक औषधांनाही अडवतो. मेंदूच्या आजारांवर औषध देणं अवघड जातं, त्याचं हे एक मोठं कारण.

इथे नॅनोकणांची आशा आहे. मेंदूला लोह लागतं, आणि ते आत नेणारी यंत्रणा या पहाऱ्यात आहेच. औषध चरबीच्या सूक्ष्म गोळीत भरून तिच्यावरून आत पाठवता येईल का, यावर संशोधन चालू आहे. चरबीच्या अशा गोळ्या आपल्याला नव्या नाहीत. फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशी त्यांतूनच दिल्या. मेंदूसाठीचं बहुतेक काम मात्र अजून प्रयोगशाळेत किंवा चाचण्यांतच आहे. जर्मनीत मेंदूच्या गाठीवर लोहाच्या नॅनोकणांचा उपचार झाला. पण तिथेही कण रक्तातून गेले नाहीत. ते सुईनं थेट गाठीत सोडले आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून तापवले. त्याची किंमतही होती: नंतर त्या भागाचा एमआरआय नीट घेता येत नाही.

जो बारीकपणा औषधाला उपयोगी, तोच धुरालाही. २०१६ साली लँकेस्टर विद्यापीठाच्या बार्बरा मेहर आणि सहकाऱ्यांनी ३७ जणांच्या मेंदूतले नमुने तपासले. ही माणसं मेक्सिको सिटीतली आणि आपल्या मँचेस्टरमधली होती. मेंदूत मॅग्नेटाइटचे गोल, गुळगुळीत नॅनोकण सापडले. असे कण प्रखर उष्णतेत, ज्वलनातून तयार होतात. शरीरात शिरायला त्यांना एक मागचं दार आहे: नाक. वासाची नस नाकातून सरळ मेंदूत जाते. या कणांमुळेच अल्झायमर होतो, हे सिद्ध झालेलं नाही. पण २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत प्रदूषित हवा धरली आहे.

आणि हवा फक्त रस्त्यावरची नसते. हिवाळ्यात आपली घरं बंद, डबल ग्लेझिंग, आत फोडणी, उदबत्ती, कापूर. यांतूनही अतिसूक्ष्म कण निघतात. फोडणी किंवा उदबत्ती सोडा असं मी म्हणत नाही. फोडणी मागच्या शेगडीवर द्या, हूड आधीच चालू करा, खिडकी दहा मिनिटं उघडा. तुमचा हूड हवा बाहेर फेकतो की गाळून परत घरातच सोडतो, हे एकदा तपासा. फ्लॅटमध्ये बहुधा दुसरा प्रकार असतो. मुलांना शाळेत सोडताना गाडीचं इंजिन बंद ठेवा.

सनस्क्रीनचं काय? झिंक ऑक्साइडचे कण धड त्वचेतून फारसे आत जात नाहीत, म्हणून क्रीम बिनधास्त लावा. मुलांच्या तोंडावर स्प्रे मात्र नको, तो श्वासातून आत जातो.

बाळासाठी पार्सलनं येणाऱ्या सुवर्णप्राशनाबद्दल स्पष्ट बोलतो. २००४ साली बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिशाचा सर्वांत जास्त त्रास वाढत्या मेंदूला होतो. आजीची माया खरी, पण बाटलीत काय आहे हे तिलाही माहीत नसतं. आधी जीपीला दाखवा. दिलं असेल तर रक्तातलं शिसं तपासण्याबद्दल विचारा.

मी डॉक्टर नाही, आयटीतला माणूस आहे. आमच्याकडे नवं काही विकायला आलेल्याला आम्ही प्रश्न विचारतो. ‘नॅनो’ विकणाऱ्यालाही तीन विचारा. हे माणसांवर तपासलंय की फक्त उंदरांवर? मेंदूपर्यंत पोचल्याचा पुरावा काय? आणि काम झाल्यावर हे कण शरीराबाहेर कसे पडतात? उत्तर मिळण्याआधी पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या आणि आपल्या न्यूरॉलॉजिस्टशी बोला.

काळजी घ्या मंडळी. नमस्कार!