घरातील आजारी मांजर आणि दोघांचे दुमत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी वक्त्याने भाषा, इतिहास, संतवाङ्मय असा एखादा भारदस्त विषय निवडावा, असा प्रघात आहे. फलकावर माझ्या विषयाचे नाव वाचून काही स्नेह्यांनी हसत हसत पृच्छाही केली. परंतु आपल्या सुसंस्कृतपणाची खरी परीक्षा घराच्या माजघरात होत असते. तेथे एक मुके जनावर आजारी पडले, की दोन शहाणी आणि एकमेकांवर जीव असलेली माणसे कशी परस्परांसमोर उभी ठाकतात, हे मी बडा फुहाऱ्याच्या परिसरातील आपल्याच काही घरांत पाहिले आहे. म्हणून हा विषय.

मराठी घराला मांजर नवे नाही. ज्या षष्ठीदेवीला आपण सटवाई म्हणतो, तिचे वाहनच मांजर मानलेले आहे. आपल्या म्हणींत ते डोळे मिटून दूध पिते, आडवे जाते आणि त्याच्या गळ्यात घंटा कोणी बांधावी हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या अनुत्तरित राहतो. वाड्यातील मांजर मात्र कोणा एकाचे नसे. कोठीतील उंदरांचा बंदोबस्त करावा आणि आजीच्या पानाशेजारी बसून दूधभात खावा, एवढाच त्याचा संसार. ते आजारी पडले तर माळ्यावर जाऊन बसे आणि एके दिवशी दिसेनासे होई. ‘गेले बिचारे’ म्हणून सारे हळहळत. निर्णय कोणालाच घ्यावा लागत नसे, म्हणून मतभेदही होत नसत.

आज परप्रांतात राहणाऱ्या आपल्या घरांची रचना वेगळी आहे. मुले पुण्या-बंगळूरला, सासू-सासरे देशावर, आणि घरात पती-पत्नी दोघेच. मध्यस्थी करणारी आत्या नाही की ‘जाऊ द्या रे’ म्हणणारे काका नाहीत. मांजरही आता माळ्यावरून उतरून पलंगाच्या पायथ्याशी झोपू लागले आहे. शिवाय उपचार उपलब्ध आहेत. आपल्या जबलपुरात पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ साली निघाले आणि २००९ साली त्याचे विश्वविद्यालयात रूपांतर झाले. त्या विश्वविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते नानाजी देशमुख हिंगोली जिल्ह्यातील कडोळी गावचे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. परंतु उपचार हाताशी आला, की तो करावा की न करावा, किती करावा आणि कोणी करावा हे प्रश्नही येतात. आणि त्या प्रश्नांची उत्तरे दोघांची सारखीच येतील असे नाही.

एका कुटुंबाची हकीकत, त्यांच्या संमतीने आणि नावे गाळून, सांगतो. त्यांची मनी चौदा वर्षांची. मुलगी शाळेत असताना फुहाऱ्याजवळील एका धान्याच्या दुकानातून तिने ते पिल्लू ओच्यात घालून आणले होते. मुलगी आता नोकरीनिमित्त पुण्यास. मनी वारंवार पाणी पिऊ लागली, वाळली, अंगावरचे केस राठ झाले. तपासणीत मूत्रपिंडाचा जुनाट विकार निघाला. म्हाताऱ्या मांजरांत हा विकार फार आढळतो, आणि नेहमीच्या रक्ततपासणीत तो स्पष्ट दिसेपर्यंत मूत्रपिंडाची सुमारे तीन-चतुर्थांश कार्यशक्ती संपलेली असते. हा रोग बरा होत नाही. त्याची गती तेवढी कमी करता येते. डॉक्टरांनी पथ्याचे अन्न सांगितले, मळमळीवर औषध दिले आणि एक दिवसाआड कातडीखाली सलाइन कसे द्यावे, ते शिकविले.

गृहस्थ म्हणाले, “जे जे शक्य आहे ते सर्व करायचे. पैशाचा विचार करायचा नाही.” बोलणे उदार होते; पण गृहस्थ सकाळी नऊला बाहेर पडत ते रात्री आठला येत. खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली टांगणे, मांजराला टॉवेलात गुंडाळून सुई टोचणे, उलटी पुसणे, दिवसातून चार वेळा पिचकारीने पेज भरविणे हे सारे बाईंकडे. पाच आठवड्यांनी त्या म्हणाल्या, “अहो, आता पुरे करू या. तिला सोसवत नाही.” त्यावर गृहस्थ उद्गारले, “तुला तिचा कंटाळा आला, असं सरळ सांग ना!”

त्या एका शब्दाने घरात चार दिवस अबोला राहिला. पुढे मुलीने व्हिडिओ कॉलवर सहज विचारले, “आई, मनी अजून संध्याकाळी दारापाशी जाऊन बसते का गं?” आई म्हणाली, “महिना झाला, नाही बसत.” शेजारी बसलेल्या वडिलांना हे ठाऊकच नव्हते. ते घरी येत तेव्हा मनी पुसून, भरवून, गादीवर नीट झोपविलेली असे. गृहस्थांनी रजा काढली आणि चार दिवस सर्व शुश्रूषा स्वतः केली. तिसऱ्या दिवशी सलाइनच्या बाटलीचा आवाज होताच मनी कपाटामागे शिरली, आणि तिला बाहेर ओढून काढावे लागले. त्या रात्री दोघे पुन्हा बोलले. सुई थांबवायची, मळमळीचे औषध आणि तिला आवडेल ते खाणे चालू ठेवायचे, असे ठरले. मनी त्यानंतर अकरा दिवस जगली. निर्णयाबद्दल दोघांनाही आता शंका नाही. तो ‘कंटाळा’ शब्द मात्र बाईंच्या मनातून अजून गेलेला नाही. आणि तो गेलेला नाही, हे गृहस्थ जाणून आहेत.

या हकीकतीत दुमताचे मूळ कोठे आहे? प्रेम कोणाचे अधिक, हा प्रश्नच येथे नव्हता. निर्णयाचा अधिकार एकाच्या मुखी आणि श्रम दुसऱ्याच्या हाती, अशी वाटणी झाली होती. अठराव्या शतकातील प्रसिद्ध इंग्रज कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन आपल्या हॉज नावाच्या मांजरासाठी कालवे आणावयास स्वतः बाजारात जात असत. नोकरांना तो त्रास पडला तर ते त्या गरीब प्राण्याचा राग करू लागतील, अशी त्यांना भीती वाटे, असे त्यांचा चरित्रकार बॉस्वेल सांगतो. सेवेचा भार एकाच खांद्यावर पडला, की मायेलाही ओरखडे पडतात, हे या विद्वानाने अचूक ओळखले होते. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली हेच शास्त्रीय रीतीने दाखविले. दीर्घ आजारी प्राण्याची काळजी घेणाऱ्यांत ताण, चिंता आणि खिन्नता ही निरोगी प्राण्याच्या पालकांपेक्षा अधिक आढळली. तेव्हा थकव्याला कंटाळा म्हणणे हा अन्याय आहे.

दुसरे दुमत आरंभीचे असते. एक म्हणतो, ‘आजच दवाखान्यात नेऊ’. दुसरा म्हणतो, ‘मांजर आहे, आपोआप बरे होईल.’ येथे शास्त्राचा कौल घ्यावा. मांजर आपले दुखणे लपविते; ते दिसू लागते तेव्हा बरेच पुढे गेलेले असते. दोन-तीन दिवस अन्न न घेतलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. बोका लघवीस बसतो आणि होत नाही असे दिसले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठला पाहिजे. आणि घरगुती औषध म्हणून पॅरासिटामॉल कदापि देऊ नये. ते निर्विष करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार अपुरी असल्यामुळे एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. अशा प्रसंगी, ज्याला काळजी अधिक वाटते त्याचे ऐकावे. फुकट गेलेल्या एका खेपेचे नुकसान सोसता येते.

तिसरे दुमत पैशाचे. पैशाचा प्रश्न काढणारा माणूस निष्ठुर ठरतो, म्हणून तो कोणी काढत नाही. मग तो प्रत्येक वाक्याच्या आड दडून बसतो. मुलांचे शिक्षण, गावाकडचे आईवडील, घराचे हप्ते हीदेखील कर्तव्येच आहेत. खर्चाची मर्यादा दोघांनी मिळून, डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीच ठरवावी. तीत अपराध काहीच नाही.

चौथे आणि सर्वांत कठीण दुमत अखेरचे. यातनांतून सोडवावे, की निसर्गावर सोपवावे? १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते. उपाय उरला नाही असा वैद्यकीय निर्वाळा मिळाल्यावर गांधीजींनी त्याला इंजेक्शन देववून यातनामुक्त केले. आश्रमातही सर्वांचे एकमत नव्हते. जो जीव देता येत नाही तो घेण्याचा अधिकार कोणाला, असा आक्षेप होता. पुढे ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’मधून त्यांनी आपली भूमिका मांडली, तेव्हा संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. अहिंसेच्या आचार्याच्या घरात ज्या प्रश्नावर एकमत झाले नाही, त्यावर आपल्या घरात दोन मते निघाली, तर त्यात आश्चर्य ते काय? सरकारी माणूस म्हणून कायद्याचाही उल्लेख करतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पालकावर प्राण्याच्या स्वास्थ्याची जबाबदारी टाकतो आणि सबळ कारणावाचून त्याला सोडून देणे हा गुन्हा ठरवितो. तेव्हा ‘घाटावर सोडून येऊ’ हा तिसरा मार्ग कोणी सुचविला, तर तो धर्मातही बसत नाही आणि कायद्यातही नाही.

मग करावे काय? अमेरिकेतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली सात कसोट्या सुचविल्या: वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत की नाही. प्रत्येक कसोटीला शून्य ते दहा गुण द्यावयाचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल, तर शुश्रूषा चालू ठेवणे योग्य. माझी सूचना अशी, की पती-पत्नींनी हा तक्ता वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखविता, आठवड्यातून एकदा भरावा. दर रविवारी मांजराचे वजन करून तेही लिहावे. चार किलोच्या देहातून अर्धा किलो जाणे म्हणजे आठवा हिस्सा जाणे होय. दोन्ही कागद शेजारी ठेवले, म्हणजे भांडण स्वभावांवरून उठून एखाद्या कसोटीवर येते, आणि तेथे ते पुष्कळदा मिटते. कागद भरण्यापूर्वी मात्र दोघांनीही त्या आठवड्यात किमान दोन दिवस हाताने सेवा केलेली असावी. हाताला जे कळते, ते दुरून पाहणाऱ्याला कळत नाही.

आपल्याकडे ‘मार्जारकिशोरन्याय’ सांगतात. पिल्लू काहीच करीत नाही. मांजरीच त्याला तोंडात धरून सुरक्षित स्थळी नेते. परमेश्वराने भक्ताला तसे न्यावे, असा त्याचा भाव. म्हातारपणी मांजर आजारी पडले, की हा न्याय उलटा होतो, आणि आता त्याने आपल्यावर सारा भार टाकलेला असतो. तो भार दोघांनी उचलावयाचा आहे. एकमेकांची म्हातारपणची शुश्रूषाही पुढे आपल्याला, कदाचित याच गावी, नातलगांवाचून करावयाची आहे. तेव्हा कोणता शब्द उच्चारावा आणि कोणता गिळावा, याचा अभ्यास मांजराच्या निमित्ताने होत असेल, तर त्या मुक्या जीवाचे आपल्यावर उपकारच होतील.

 नर्मदे हर!