शुद्धिपत्र कोणत्या प्रतीस लावावयाचें?



पुस्तकांत मुद्रणदोष राहिले, कीं शेवटीं शुद्धिपत्र जोडण्याचा प्रघात आपणां सर्वांस ठाऊक आहे. अमुक पृष्ठावर, अमुक ओळींत, अमुक शब्दाऐवजीं अमुक वाचावा, इतकेंच त्यांत असतें. ग्रंथ पुन्हा छापावा लागत नाहीं. संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे लोकही हीच युक्ति योजतात. त्यांच्या शुद्धिपत्रास पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. असें ठिगळ आपोआप लावणारें साधन लॅरी वॉल यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलें. ठिगळांत दुरुस्तीबरोबर तिच्या मागच्यापुढच्या, सामान्यतः तीन तीन, ओळी जशाच्या तशा दिलेल्या असतात. घराचा क्रमांक बदलला, तरी शेजाऱ्यांवरून घर सांपडतें; तसें ओळींचा क्रमांक सरकला, तरी यंत्रास योग्य स्थळ सांपडतें.

परंतु प्रश्न असा, कीं हें शुद्धिपत्र कोणत्या प्रतीस लावावयाचें? लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं लिनक्सच्या कामासाठीं 'गिट' हें साधन रचलें. त्यांत एकाच मजकुराच्या तीन प्रती असतात. पहिली दप्तरीं कायम दाखल झालेली. दुसरी पुढच्या खेपेस दाखल करण्यासाठीं वेगळी काढलेली, तिला इंडेक्स म्हणतात. आणि तिसरी आपल्या टेबलावर पसरलेली चालू प्रत. पहिलीस ठिगळ लागत नाहीं. उरल्या दोन.

'गिट अप्लाय' एवढीच आज्ञा दिली, तर दुरुस्ती केवळ टेबलावरील प्रतींत होते. ठिगळानें एखादी नवी फाइल निर्माण केली असेल, तर ती इंडेक्समध्यें आपण स्वतः घालावयाची. हें विसरल्यास आपल्या संगणकावर सारें सुरळीत चालतें आणि सहकाऱ्याकडे मात्र काम अडतें. 'कॅश्ड' हा शब्द जोडला, तर उलट घडतें: इंडेक्समधील प्रत सुधारते, टेबलावरील तशीच राहते. टेबलावर दुसरें काम अर्धवट पडलें असतां हा मार्ग सोयीचा. पण जी प्रत दाखल होणार, ती अशा वेळीं आपण चालवून पाहिलेलीच नसते, हें ध्यानांत ठेवावें.

'इंडेक्स' हाच शब्द आज्ञेस जोडला, म्हणजे दोन्ही प्रतींत एकदम दुरुस्ती होते. मात्र त्या फाइलींपुरत्या दोन्ही प्रती आधीं तंतोतंत सारख्या असल्या पाहिजेत. नसतील, तर गिट नकार देतें. नवशिक्यास हा हट्ट वाटतो. पण दोन भिन्न प्रतींस एकच शुद्धिपत्र लावलें, तर परिणामही भिन्नच राहणार. मग टेबलावर जें तपासलें तेंच दाखल झालें, याची हमी कोण देणार?

दुसरा नकारही असाच हितकर आहे. जुनें पॅच साधन जमतील त्या दुरुस्त्या करतें आणि न जमलेल्या निराळ्या फाइलींत टाकून ठेवतें. गिटचा नियम असा, कीं आपण मुद्दाम वेगळें सांगितलें नाहीं, तर दहांपैकीं एक दुरुस्ती न बसल्यास उरलेल्या नऊही करावयाच्या नाहींत. न लागलेलें ठिगळ तत्काळ कळतें. अर्धें लागलेलें सहज नजरेआड होतें, आणि त्याचा दोष पुढें कोठें उमटेल याचा नेम नसतो.

सावध माणसासाठीं 'चेक' हाही शब्द आहे. त्यानें कांहींएक न बदलतां, ठिगळ बसेल कीं नाहीं, एवढेंच समजतें. म्हणून दुसऱ्याचें शुद्धिपत्र हातीं आलें, कीं प्रथम त्याची परीक्षा करावी, कोणत्या प्रतीस लावावयाचें तें ठरवावें, आणि मगच मजकुरास हात घालावा.