अन्न उरते कोठे?



घरातील अन्नाच्या नासाडीचा विषय निघाला की प्रथम बोट दाखविले जाते ते मुलांनी पानात टाकलेल्या घासाकडे. वस्तुतः नासाडीचा उगम पुष्कळदा पानात नसून तांदूळ मोजणाऱ्या हातात असतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरणविषयक संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील साठ टक्के घराघरांतून गेले. (साली, हाडे असे न खाण्याचे भागही या हिशेबात धरलेले आहेत, हे सांगितले पाहिजे.)

यावरचा पहिला उपाय बिनखर्ची आहे. तांदळाच्या डब्यात एकच ठरलेली वाटी ठेवावी. एका वाटीचा भात शिजून सुमारे तीन वाट्या होतो. रात्री काय उरले ते आठवडाभर दिनदर्शिकेच्या मागे टिपून ठेवावे, म्हणजे माप कोठे चुकते ते गृहिणीला आपोआप दिसते. अंदाजाने टाकलेली जास्तीची मूठ ही आतिथ्याची खूण समजली जाते. रोजच्या स्वयंपाकात ती केवळ सवय असते.

साठवणीची विद्या या प्रदेशाला नवी नाही. गोव्यात पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताची तयारी होई. आमसुले, मिठातल्या कैऱ्या, आंब्याची साठे, लाल माती लावून वाळविलेल्या फणसाच्या आठळ्या यांनी कोठीची खोली भरे. ऊन आणि मीठ पदार्थातील पाणी ओढून घेतात, म्हणून तो टिकतो. बेळगावकडची कडक भाकरी याच न्यायाने अनेक दिवस राहते. कोथिंबीर मात्र कोरडी करून फडक्यात गुंडाळावी. पिकलेली केळी इतर फळांपासून दूर ठेवावीत. त्यांतून निघणारा वायू शेजारच्या फळांनाही लवकर पिकवितो. दोडक्याच्या शिरांची चटणी तर भाजीपेक्षा आधी संपते!

उरलेल्या भाताविषयी सावधगिरी हवी. तो उघड्यावर तासन्‌तास राहिला तर त्यात वाढणाऱ्या जंतूंचे विष पुन्हा तापविल्यानेही जात नाही. भात दोन तासांच्या आत पसरट भांड्यात निववून शीतकपाटात ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफवून फोडणीस घालावा.

परंतु हा फोडणीचा भात कोणी खावयाचा? अनेक घरांत काटकसरीचे कौतुक सर्वांनी केले आणि शिळे मात्र सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेच्या वाट्यास आले. तिच्या पोटावर उभारलेली बचत ही बचत नव्हे. उरलेले असेल ते सर्वांच्या पानांत थोडेथोडे वाढावे, कर्त्या पुरुषाच्या पानात सर्वांत आधी.

आणखी एक गोष्ट पुरुषवर्गाने करण्याजोगी आहे. रात्री बाहेर जेवून येणाऱ्याने तांदूळ धुतले जाण्यापूर्वी तसे घरी कळवावे. आता त्यासाठी निरोप्या शोधावा लागत नाही. फोन प्रत्येकाच्या खिशात असतो.